न्यायनिष्ठ गव्हर्नर : जॉन पीटर आल्टगेल्ड

थोर पुरुषांचीं जीं चरित्रें आपण वाचतों तीं बहुधा विजयी पुरुषांचीं असतात. कोणी राज्य मिळविलें, कोणी मोठा शोध लावला, कोणी शून्यांतून संपत्ति निर्माण केली, आणि शेवटीं जगानें त्यांच्या गळ्यांत माळ घातली, अशा कथा ऐकावयास गोड लागतात. परंतु कष्टानें मिळविलेलें पद व लोकांची मर्जी हीं दोन्ही ज्यानें एका कागदावर सही करून गमाविलीं, आणि तसें होणार हें ठाऊक असूनही ज्याचा हात ती सही करितांना कांपला नाहीं, अशा एका पुरुषाची हकीकत आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें हें एक राष्ट्र असलें तरी तें अनेक संस्थानांचें मिळून झालेलें आहे. पूर्वीं आपल्याकडे संस्थान म्हटलें कीं राजा, गादी व दरबार डोळ्यांपुढें येत. तेथें तसें कांहीं नाहीं. प्रत्येक संस्थानाला स्वतःचें कायदेमंडळ व स्वतःचीं न्यायालयें असतात, आणि लोकांनीं ठराविक मुदतीसाठीं निवडून दिलेला एक गव्हर्नर तेथील कारभार पाहतो. आल्टगेल्ड हे १८९३ पासून १८९७ पर्यंत इलिनॉय संस्थानाचे गव्हर्नर होते. शिकागो हें अवाढव्य शहर याच संस्थानांत आहे. कोर्टानें दिलेली शिक्षा कमी करण्याचा किंवा अजीबात माफ करण्याचा अधिकार इलिनॉयच्या गव्हर्नराला होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; कारण पुढील सर्व कथा या एका अधिकाराभोंवतीं फिरते.

जॉन पीटर आल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजीं जर्मनींत, नासाउ प्रांतांतील नीडर-सेल्टर्स नांवाच्या खेड्यांत झाला. मूल अवघें तीन महिन्यांचें असतां आईबापांनीं मायदेश सोडला आणि अमेरिकेस येऊन ओहायो संस्थानांत मॅन्सफील्ड गांवाजवळ बिऱ्हाड केलें. वडील गाड्या बनविण्याचा धंदा करीत व शेतांतही राबत. त्यांना स्वतःला लिहितांवाचतां येत नव्हतें; आणि ज्याला नांगर धरावयाचा आहे त्याला पुस्तक कशास हवें, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यामुळें जॉनच्या वांट्याला शाळा आली ती फारच थोडी. पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत शेतांत खपावें आणि उरल्या वेळांत मिळेल तें पुस्तक वाचावें, असा त्याचा बाळपणाचा क्रम होता.

जॉन सोळा वर्षांचा झाला तेव्हां अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांचें यादवी युद्ध ऐन रंगांत आलें होतें. १८६४ सालीं तो ओहायोच्या १६४ व्या पायदळ पलटणींत शंभर दिवसांच्या मुदतीनें भरती झाला. भरतीबद्दल जे १०० डॉलर मिळाले त्यांतले ९० त्यानें वडिलांच्या हातावर ठेवले आणि फक्त १० स्वतःजवळ राखले, असें सांगतात. व्हर्जिनियांतील दलदलीच्या मुलखांत त्याला तापानें घेरलें. त्या तापाचे परिणाम पुढें जन्मभर त्याच्या शरीरांत राहिले. परंतु या मोहिमेनें त्याला आपल्या गांवाबाहेरचें जग दाखविलें, आणि आपण शिकलें पाहिजे ही ओढ अधिकच तीव्र केली.

घरीं परत आल्यावर त्यानें वडिलांची नाराजी पत्करून कांहीं काळ शाळेंत अभ्यास केला, व लवकरच तो स्वतः शाळामास्तर झाला. याच सुमारास एमा फोर्ड नांवाच्या सुशिक्षित मुलीवर त्याचें प्रेम जडलें. परंतु इतक्या गरीब मुलाला मुलगी देण्यास तिचे वडील तयार झाले नाहींत. १८६९ सालीं एकविसाव्या वर्षीं जॉन घर सोडून पश्चिमेची वाट चालूं लागला. आगगाडीच्या भाड्याला पैसे नव्हते. म्हणून बरीचशी वाट त्यानें पायींच तुडविली. वाटेंत मिळेल तें काम करावें, चार दिवस पोटाची सोय झाली कीं पुढें निघावें, असें करीत तो आर्कन्सा संस्थानांत रेल्वेच्या बांधकामावर मजूर म्हणून लागला. तेथें पुन्हां तापानें गांठलें. अंगांत त्राण नसतां तो तेथून उत्तरेकडे फिरला आणि मिसूरी संस्थानांतील साव्हाना या लहानशा गांवीं येऊन पोंचला. तेथें त्याला आश्रय मिळाला. शेतांत काम, शाळेंत शिकविणें आणि उरल्या वेळांत कायद्याचीं पुस्तकें, असा क्रम चालवून १८७१ सालीं त्यानें वकिलीची सनद मिळविली. तीन वर्षांनीं त्या परगण्याच्या लोकांनीं त्याला सरकारी वकील म्हणून निवडून दिलें.

परंतु लहान गांवांत हें मन रमणारें नव्हतें. १८७५ सालीं आल्टगेल्ड शिकागोस आले. चार वर्षांपूर्वींच तें शहर मोठ्या आगींत भस्म झालें होतें व आतां राखेंतून पुन्हां झपाट्यानें उठत होतें. येथें त्यांना ओळखणारें कोणी नव्हतें. हळूहळू वकिली चालूं लागली. १८७७ मध्यें त्यांचें एमा फोर्डशींच लग्न झालें. इतकीं वर्षें वाट पाहून झालेला हा विवाह अखेरपर्यंत सुखाचा ठरला. मात्र त्यांना मूलबाळ झालें नाहीं. पुढें त्यांनीं जमिनी व इमारती यांच्या खरेदीविक्रींत हात घातला व त्यांत उत्तम जम बसविला. शिकागोंत त्यांनीं उभारलेली युनिटी बिल्डिंग ही सोळा मजल्यांची इमारत त्या काळीं पाहण्यासारखी गोष्ट मानली जाई. आर्कन्सांतला तापानें फणफणणारा मजूर अशा रीतीनें लक्षाधीश झाला.

येथेंच ही कथा संपती तर गरीब मुलगा श्रीमंत झाला एवढेंच तिचें तात्पर्य झालें असतें. परंतु आल्टगेल्ड यांना आपली मजुरी विसरतां आली नाहीं. १८८४ सालीं त्यांनीं शिक्षापद्धति व तिला बळी पडणारीं माणसें या विषयावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. तुरुंगांत कोण जातात, त्यांचीं वयें काय असतात, घरची स्थिति कशी असते, हें आंकडे तपासून त्यांनीं दाखविलें कीं, तुरुंगांत जाणारे बहुतेक लोक गरीब असतात. आणि किरकोळ गुन्ह्याबद्दल पकडलेला पोर तुरुंगांतून बाहेर पडतो तेव्हां सुधारलेला नसतो, तर पक्का गुन्हेगार झालेला असतो. दंड भरण्यास पैसा नाहीं म्हणून कैदेंत पडणें म्हणजे गरिबीचीच शिक्षा होय, असा त्यांचा मुद्दा होता. हें पुस्तक ओहायोंतील एका तरुण वकिलाच्या हातीं पडलें व त्यानें तो भारून गेला. पुढें अमेरिकेंतील नामांकित वकील म्हणून प्रसिद्धीस आलेला क्लॅरेन्स डॅरो तो हाच. शिकागोस येऊन त्यानें आल्टगेल्ड यांचा स्नेह जोडला, आणि तो स्नेह शेवटच्या दिवसापर्यंत टिकला.

१८८६ सालीं आल्टगेल्ड शिकागोच्या कुक परगण्यांत वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. त्याच वर्षीं त्या शहरांत ती भयंकर घटना घडली, जिच्याशीं त्यांचें नांव कायमचें जोडलें जाणार होतें.

त्या काळीं कारखान्यांतून दहा, बारा, कधीं त्याहूनही अधिक तास काम चाले. कामाचा दिवस आठ तासांचा असावा या मागणीसाठीं १ मे १८८६ रोजीं अमेरिकेंतील लाखों मजुरांनीं संप पुकारला. जगांतील बहुतेक देशांत १ मे हा कामगारदिन म्हणून पाळतात, त्याचें मूळ या चळवळींत आहे. ३ मे रोजीं मॅकॉर्मिक यांच्या शेतकी यंत्रांच्या कारखान्यापाशीं पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत मजूर मेले. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशीं रात्रीं हेमार्केट नांवाच्या चौकाजवळ सभा भरली. शहराचे मेयर स्वतः तेथें येऊन गेले आणि सभा शांतपणें चालली आहे असें पाहून घरीं परतले. पावसाचीं चिन्हें दिसूं लागल्यामुळें लोकही पांगत होते. इतक्यांत पोलिसांची मोठी तुकडी चाल करून आली व सभा बंद करण्याचा हुकूम झाला. तोंच अंधारांतून कोणीतरी बाँब फेंकला. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. या दंग्यांत व त्यांत झालेल्या जखमांनीं सात पोलीस मृत्यु पावले. सभेस आलेले कित्येक लोकही प्राणांस मुकले.

बाँब कोणीं टाकला हें त्या वेळीं कळलें नाहीं आणि आजतागायत निश्चित ठरलेलें नाहीं. परंतु शहर भयानें व संतापानें वेडें झालें होतें. कोणाला तरी शिक्षा व्हावयास हवी होती. अराजकवादी मतांचे आठ पुढारी पकडले गेले. त्यांतले बहुतेक जर्मनींतून आलेले होते. त्यांचीं भाषणें व लेख जहाल होते, यांत शंका नाहीं. न्यायाधीश गॅरी यांच्यापुढें खटला चालला. ज्यूरीनें आठही जणांना दोषी ठरविलें. सात जणांना फांशीची व ऑस्कर नीबे नांवाच्या एकास पंधरा वर्षें कैदेची शिक्षा झाली. सॅम्युअल फील्डन व मायकेल श्वाब या दोघांची फांशी त्या वेळच्या गव्हर्नरांनीं जन्मकैदेवर आणली. एकानें तुरुंगांतच आत्महत्या केली. बाकीचे चौघे ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं फांशीं गेले. त्या काळांत अनेक लोकांनीं या कैद्यांसाठीं दयेची याचना केली होती; न्यायाधीश असलेले आल्टगेल्ड मात्र तेव्हां जाहीरपणें कांहीं बोलले नाहींत.

१८९२ च्या निवडणुकींत डेमोक्रॅटिक पक्षानें आल्टगेल्ड यांना गव्हर्नरपदासाठीं उभें केलें व ते विजयी झाले. यादवी युद्धानंतर इलिनॉयमध्यें त्या पक्षाचा गव्हर्नर झाला तो हाच पहिला. आणि परदेशांत जन्मलेला गव्हर्नरही हाच पहिला. जानेवारी १८९३ मध्यें अधिकारग्रहणाच्या वेळीं ते इतके आजारी होते कीं आपलें भाषण त्यांना स्वतः पुरें वाचतां आलें नाहीं. तें वर्ष शिकागोच्या वैभवाचें होतें. तेथें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. सप्टेंबर महिन्यांत स्वामी विवेकानंदांनीं ज्या सर्वधर्मपरिषदेंत भाषण केलें ती परिषद त्याच निमित्तानें भरली होती. जगभरचे पाहुणे शहरांत येत होते. पण त्याच वेळीं जॉलिएटच्या तुरुंगांत फील्डन, श्वाब व नीबे हे तिघे सातव्या वर्षाचे दिवस मोजीत होते.

त्यांना सोडावें असे अर्ज नव्या गव्हर्नरांकडे येऊं लागले. अर्ज करणारांत शहरांतील प्रतिष्ठित व्यापारी व पेढीवाले होते. त्यांपैकीं पुष्कळांचें म्हणणें असें कीं, हे लोक दोषी असतीलही, परंतु त्यांनीं पुष्कळ भोगलें आहे. आतां दया करावी. हा मार्ग सोपा होता. माफीच्या कागदावर दयेचे चार शब्द लिहून गव्हर्नर सही करते, तर थोडी कुरकुर झाली असती व प्रकरण मिटलें असतें.

परंतु आल्टगेल्ड यांनीं सही करण्याआधीं खटल्याचें संपूर्ण दफ्तर मागवून घेतलें. महिनेच्या महिने ते तें वाचीत राहिले. आणि जें दिसलें तें पाहिल्यावर दयेचा प्रश्नच उरला नाहीं. त्यांची विचारसरणी अशी होती : या लोकांचा न्याय रीतसर झाला असेल व ते दोषी असतील, तर शिक्षेंत हात घालण्याचें गव्हर्नराला कारण नाहीं, परंतु न्यायच झाला नसेल, तर त्यांना दया दाखविणें हा त्यांचा अपमान आहे, त्यांना द्यावयास पाहिजे तो न्याय.

२६ जून १८९३ रोजीं त्यांनीं तिघांनाही पूर्ण माफी दिली व त्याबरोबर कारणांचा एक मोठा निबंधच प्रसिद्ध केला. ज्यूरीचीं नांवें एरव्हीं चिठ्ठ्या टाकून काढीत. या खटल्यांत तसें न करितां खास नेमलेल्या एका बेलिफानें आपल्या पसंतीचे लोक बोलावून आणले होते. आरोपींविषयीं आपलें मन आधींच कलुषित आहे असें ज्यांनीं कबूल केलें, त्यांतले कांहींजणही ज्यूरींत बसले. बाँब फेंकणारा कोण हें ठाऊक नसतां, त्यानें या आरोपींचीं भाषणें ऐकलीं होतीं किंवा लेख वाचले होते हें कशावरून, याचा पुरावा कोठेंच नव्हता. नीबे तर त्या रात्रीं सभेंतही नव्हता. एका मजूरपत्रांत त्याचा दोन डॉलरचा भाग होता, ही त्याच्याविरुद्ध मांडलेल्या पुराव्यांतली एक मोठी बाब! आणि न्यायाधीशांनीं पदोपदीं आरोपींविरुद्ध पक्षपात केला होता. असे हे मुद्दे एकामागून एक, दफ्तरांतील आधार देऊन, त्या निबंधांत मांडले होते.

माफीचे कागद ब्रँड व्हिटलॉक नांवाच्या तरुण कारकुनानें तयार केले. पुढें हाच गृहस्थ टोलेडो शहराचा मेयर व नंतर बेल्जियममध्यें अमेरिकेचा वकील झाला. ते कागद जॉलिएटच्या तुरुंगाकडे घेऊन गेले ते ड्रायर नांवाचे पेढीवाले. आरोपींवर खटला भरण्याचा निर्णय ज्या ग्रँड ज्यूरीनें घेतला तिच्यावर हे स्वतः बसलेले होते. आपल्या हातून झालेल्या अन्यायाचें परिमार्जन व्हावें म्हणून तेच आतां खटपट करीत होते.

दुसऱ्या दिवसापासून वादळ सुरू झालें. देशांतील बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांनीं गव्हर्नरांवर आग पाखडली. ते स्वतःच अराजकवादी आहेत, ते परके आहेत, खुनी लोकांचे कैवारी आहेत, असें लिहून आलें. कांहीं ठिकाणीं त्यांच्या प्रतिमेची होळी करण्यांत आली. नुसती माफी लोकांनीं सोसली असती. परंतु तुमच्या कोर्टानें अन्याय केला आणि तुम्ही सर्वांनीं टाळ्या पिटल्या, हें त्यांना ऐकवेना. त्याच वर्षीं न्यायाधीश गॅरी पुन्हां निवडून आले. जनतेचें उत्तर तें होतें. आल्टगेल्ड यांचे कांहीं मित्रही म्हणाले कीं, न्यायाधीशांवर त्यांनीं जी व्यक्तिशः टीका केली ती इतकी कडक नको होती. आणि त्यांत तथ्य आहे. तो खटला त्या काळच्या रिवाजास धरूनच चालला होता, असें म्हणणारे अभ्यासकही अलीकडे निघाले आहेत. तथापि ज्याच्या हातून गुन्हा झाला असें सिद्ध झालें नाहीं त्याला दुसऱ्याच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा देऊं नये, हें जें त्यांचें मुख्य सूत्र, तें आज बहुतेक सर्व विचारवंतांनीं मान्य केलें आहे.

या एका प्रकरणाच्या गदारोळांत त्यांचीं इतर कामें झांकून गेलीं, हें मोठें दुर्दैव. १८९३ सालींच इलिनॉयमध्यें कारखान्यांचा कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामास लावण्याची त्यानें बंदी केली व कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवस आठ तासांचा ठरविला. हा कायदा कागदावर राहूं नये म्हणून आल्टगेल्ड यांनीं मुख्य निरीक्षकाच्या जागीं फ्लॉरेन्स केली या बाईंना नेमलें. बाईमाणसानें कारखान्यांत शिरून मालकांना जाब विचारावा, ही गोष्ट त्या काळीं नवलाचीच होती. आठ तासांचें कलम वरिष्ठ कोर्टानें १८९५ मध्यें रद्द केलें खरें. परंतु मुलांच्या संरक्षणाचा जो पाया घातला गेला तो ढासळला नाहीं. ज्याला स्वतःला बाळपणीं शाळा मिळाली नाहीं त्यानें शाळांसाठीं हात सैल सोडावा, हें स्वाभाविकच होतें. संस्थानाच्या विश्वविद्यालयास त्यांनीं सढळ मदत मिळवून दिली. शिक्षक तयार करणाऱ्या दोन नव्या शाळा त्यांच्या कारकीर्दींत स्थापन झाल्या. त्यांना किल्ल्यासारखे बुरूज असलेल्या इमारती आवडत. तशा इमारती अजून त्या संस्थानांतील विद्यालयांत उभ्या आहेत, आणि त्यांतील कांहींना त्यांचेंच नांव आहे.

१८९४ सालीं त्यांची पुन्हां कसोटी लागली. शिकागोजवळ जॉर्ज पुलमन यांचा आगगाडीचे शयनडबे तयार करण्याचा कारखाना होता व मजुरांना राहण्यासाठीं त्यांनींच वसविलेलें गांव होतें. व्यापार मंदावला तेव्हां पुलमन यांनीं मजुरी कमी केली, पण घरभाडें मात्र कमी केलें नाहीं. मे महिन्यांत संप झाला व जूनअखेर तो रेल्वेवर पसरला. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं आल्टगेल्ड यांना न विचारतां जुलैच्या आरंभीं राष्ट्राचें लष्कर शिकागोंत पाठविलें. अध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे होते. तरीही आल्टगेल्ड यांनीं त्यांना तारांवर तारा करून विरोध दर्शविला. संस्थानाची स्वतःची फौज सज्ज आहे, मागणी येईल तेथें ती जाईल, आणि मागणी नसतां मध्यवर्ती सरकारनें लष्कर धाडणें हें घटनेच्या विरुद्ध आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें पुढील वर्षीं मध्यवर्ती सरकारच्या बाजूनें निकाल दिला. संप तर मोडलाच. परंतु ऑगस्टमध्यें आल्टगेल्ड स्वतः पुलमनच्या गांवीं गेले, घराघरांतून फिरले, आणि चुली थंड पडलेल्या पाहून आले. त्यांच्या अंदाजानें सुमारें ६,००० माणसें उपाशी होतीं. पुलमन यांना लिहिलेल्या पत्रांचा उपयोग होईना तेव्हां त्यांनीं संस्थानांतील लोकांनाच मदतीची हांक दिली.

आल्टगेल्ड हे निर्दोष पुरुष होते असें आम्ही म्हणत नाहीं. स्वभाव तापट होता; विरोधकाला ते सहज क्षमा करीत नसत; आपल्या पक्षाच्या माणसांना सरकारी जागा देण्याची त्या काळची रीत त्यांनींही पाळली. परंतु पैशापुढें ते कधीं वांकले नाहींत. शिकागोच्या ट्रामगाड्यांचे धनाढ्य मालक चार्ल्स यर्कीज यांना दीर्घ मुदतीचा मक्ता देणारे कायदे १८९५ मध्यें कायदेमंडळानें मंजूर केले. आल्टगेल्ड यांनीं ते नामंजूर केले. त्या वेळीं त्यांची स्वतःची मोठी इमारत कर्जाखालीं दबलेली होती, आणि मोठी रक्कम त्यांच्यापुढें ठेवण्यांत आली होती असें म्हणतात.

१८९६ च्या निवडणुकींत ते पराभूत झाले. नव्या गव्हर्नराच्या अधिकारग्रहणाच्या वेळीं जुन्या गव्हर्नरानें निरोपाचे चार शब्द बोलावे, अशी तेथील चाल. ती संधिसुद्धां त्यांना देण्यांत आली नाहीं. १८९९ मध्यें शिकागोच्या मेयरपदासाठीं ते स्वतंत्रपणें उभे राहिले, तेथेंही तिसरे आले. युनिटी बिल्डिंग हातची गेली; संपत्ति गेली; प्रकृति तर केव्हांच गेली होती. अशा वेळीं क्लॅरेन्स डॅरो यांनीं आपल्या वकिलीच्या कचेरींत त्यांना मानाची जागा दिली. एके काळीं ज्यांचें पुस्तक वाचून आपण शिकागोस आलों त्यांचें ऋण त्या शिष्यानें असें फेडलें.

११ मार्च १९०२ रोजीं आल्टगेल्ड जॉलिएट येथें व्याख्यान देण्यास गेले होते. दक्षिण आफ्रिकेंत इंग्रजांशीं लढणाऱ्या बोअर लोकांचा पक्ष ते मांडीत होते. भाषणानंतर त्यांना एकाएकीं भोंवळ आली व ते कोसळले. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांचें देहावसान झालें. वय अवघें चौपन्न वर्षांचें होतें. ज्या गांवच्या तुरुंगाचें दार त्यांच्या सहीनें तिघांसाठीं उघडलें होतें, त्याच गांवीं त्यांनीं शेवटचा श्वास घेतला.

त्यांचें शव शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवण्यांत आलें, तेव्हां हजारों लोक शेवटच्या दर्शनास आले. ज्या वर्तमानपत्रांनीं त्यांना नांवें ठेविलीं होतीं त्यांना ही रांग पाहून नवल वाटलें असेल. अंत्यविधीच्या वेळीं डॅरो व गरिबांच्या सेवेसाठीं आयुष्य वाहिलेल्या जेन ॲडम्स हीं दोघें बोललीं. १९१५ सालीं शिकागोच्या लिंकन पार्कमध्यें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून काय घ्यावें? धैर्य हा शब्द आपण बहुधा रणांगणाशीं जोडतों. परंतु आल्टगेल्ड यांचें धैर्य कागद वाचण्याच्या धैर्यापासून सुरू झालें. सगळें शहर ज्यांना खुनी म्हणत होतें त्यांच्याविषयीं मत देण्यापूर्वीं त्यांनीं दफ्तर उघडलें. पुलमनच्या मजुरांविषयीं बोलण्यापूर्वीं त्यांचीं घरें पाहिलीं. तुरुंगाविषयीं लिहिण्यापूर्वीं आंकडे मोजले. स्वतः पाहिल्यावांचून बोलावयाचें नाहीं, आणि पाहिल्यावर गप्प बसावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा होता. तुम्हांपैकीं फार थोड्यांना एखाद्या संस्थानाचा कारभार पाहण्याचा योग येईल. पण वर्गांत एखादी वस्तु हरवते, सर्वांचीं बोटें एकाच मुलाकडे वळतात, आणि तो निरपराध आहे हें तुम्हांला ठाऊक असतें. असा प्रसंग मात्र प्रत्येकावर कधीं ना कधीं येतोच. त्या वेळीं त्या मुलावर दया करून गप्प राहणारे पुष्कळ असतात. उभे राहून खरें सांगणारा एखादाच असतो.